हिरवी रेषा आणि लाल ठिपका

“नाचली! रेषा नाचली!”

सभागृहातली दोन-अडीचशे माणसं एकदम उठली आणि पुढच्या गृहस्थांचं कोपर माझ्या नाकावर बसलं. व्यासपीठावर टेबल, टेबलावर जुना राखाडी डबा, डब्याला बशीएवढा गोल पडदा. डब्यातून निघालेल्या वायरीचं टोक एका बाईंनी चिमटीत धरलं होतं आणि इतका वेळ सरळ पडलेली हिरवी रेषा पडद्यावर थयथय नाचत होती.

“ही तुझी पीडा, माय,” महाराज म्हणाले. लोक त्यांना रेषावाले महाराज म्हणतात. “डॉक्टरच्या यंत्राला रक्त दिसतं, हाडं दिसतात. पीडा दिसते? नाही! कारण त्यांचं यंत्र बाजारातलं. हे साधनेतलं! बारा वर्षं यानं माझ्याबरोबर मौन पाळलंय.”

मौन पाळलंय म्हणे! बोलणार कुठून, त्याला स्पीकरच नाही.

महाराजांनी एक हात बाईंच्या डोक्यावर ठेवला, दुसरा डब्यावर. काहीतरी पुटपुटले. रेषा सरळ झाली. बाई रडल्या, लोक रडले, आणि माझ्या शेजारी माझी ताईही रडली. बारा दिवसांपूर्वी तिचीही रेषा अशीच सरळ झाली होती. त्या दिवसापासून तिनं फिटची गोळी बंद केली. पंधरा वर्षं त्या एका गोळीवर तिचं शिवणकाम सुरळीत चाललं होतं. दिवसभर समोर शिलाई मशीन आणि बाजूला तापलेली इस्त्री.

आता खरं सांगतो. तो डबा माझा होता.

मी हौशी रेडिओवाला. मागच्या खोलीत जुनी मापनयंत्रं दुरुस्त करत बसतो, म्हणून घरचे मला खरखऱ्या म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एक गोडबोल्या गृहस्थ आला, कार्यक्रमासाठी जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर रेषेनं दाखवणारं यंत्र, मागू लागला. आम्हा लोकांची एक खोड असते : यंत्र चालतं का हे पाहायला वायरीच्या टोकाला सरळ बोट लावायचं. मी लावलं, रेषा नाचली. “चालतोय,” म्हटलं. त्याचे डोळे चमकले. “पुन्हा लावा ना बोट! आणि सरळ कशी करायची?” मी मूर्खानं डब्यावरची एक कळ सरकवून तेही दाखवलं. डबा विकला, वर चहा पाजला. आज तोच रेषावाला महाराज!

बारा दिवस ताईला घरी समजावून थकलो होतो. आज घरून छत्री घेऊनच आलो होतो. तडक व्यासपीठावर चढलो, छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि वायरीचं टोक छत्रीच्या लोखंडी दांडीला लावलं. रेषा नाचली.

“बघा! छत्रीलाही पीडा आहे का? भिंतीतल्या विजेच्या तारांचा परिणाम आहे हा. माणसाचं अंग एरियलसारखं तो पकडतं. आजारी असो की धडधाकट, सगळ्यांची रेषा नाचते!”

लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

महाराज जराही डगमगले नाहीत. “छत्री कुणाची?” त्यांनी हळूच विचारलं.

खालून ताईचाच आवाज आला, “आमच्या बाबांची. गेले ते.”

झालं! गेलेल्या बापाची पीडा छत्रीत, म्हणत सभागृहात कल्लोळ. मी “ही कळ बघा, ही कळ” म्हणून ओरडत होतो, तोवर दोन सेवेकऱ्यांनी माझी बखोटी धरून मला दाराबाहेर आणलंसुद्धा.

“भर सभेत माझी मान खाली घातलीस,” ताई घरी म्हणाली.

“गोळी घे, ताई. तुझ्या पाया पडतो.”

“रेषा सरळ झाली ना माझी? मग?”

पुढचे पाच दिवस मी गोळ्यांचं पाकीट घेऊन तिच्या मागेमागे फिरलो. सहाव्या दिवशी इस्त्री करताना तिला फिट आली. डावा तळहात इस्त्रीखाली राहिला.

दवाखान्यातून आल्यावर बँडेज बांधलेला हात घेऊन ती माझ्या खोलीत आली. “दाखव.”

मी दुसरा ऑसिलोस्कोप लावला. तिनं उजव्या हाताचं बोट टेकवलं. रेषा नाचली. मी कळ मधल्या खुणेवर आणली, आणि आत येणारं सगळं तुटलं. रेषा सरळ. मग तिनं स्वतःच ती कळ चार-पाच वेळा वरखाली केली.

“त्या डब्यावर इथंच लाल ठिपका होता,” ती म्हणाली. “महाराज म्हणाले, तो दैवी थेंब आहे. साधनेत आपोआप उमटला.”

“तुझं नेलपॉलिश आहे ते. कळेची अक्षरं पुसली होती, म्हणून तुझ्याच बाटलीतून लावलं होतं मी.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. “रेषा सरळ झाली त्या रात्री पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी निर्धास्त झोपले होते रे.”

मी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं गोळी घेतली.

आता दर रविवारी आम्ही दोघं त्या सभागृहाच्या दाराशी उभे राहतो. ताई रांगेतल्या लोकांना भाजलेला हात दाखवते. बायका हळहळतात, “छत्री भोवली हो तुम्हाला!” आणि आत जातात. रांग काही कमी होत नाही.

तरी सांगत राहतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका. यंत्र दाखवणाऱ्याला त्याच्या कळा काय करतात ते विचारा. आणि एवढंही जमत नसेल, तर महाराजांना म्हणा, एकदा ते टोक तुमच्या चिमटीत धरून दाखवा.

अजून कुणी म्हटलेलं नाही.