मैनेचं मुसकं

प्रयागबाईची मैना भिंत चाटायची. आठ महिन्यांची कालवड, दोन हजार तीनचा दुष्काळ, चार महिने दावणीत उसाच्या वाढ्याशिवाय दुसरं काही नाही. तरी हिचे नखरे बघा! माती खाई, धुणं चघळी, एकदा तर हाडूक तोंडात धरून उभी. जंत झाले असतील म्हणून प्रयागबाईनं तिच्या तोंडाला दोरीचं मुसकं बांधलं. वाढं खाण्यापुरतं तेवढं सोडायची. अख्खं लोणी गाव असंच करतं, मग तिचं काय चुकलं?

आणि आज भरदुपारी मैना धाडकन पडली. पाय ताणलेले, अंग थडथडतंय, तोंडाला फेस.

"पिसाळली!" शेजारचा म्हातारा कुशाबा दारातूनच ओरडला. "मागं गोठ्यात कुत्रं शिरलं व्हतं न्हवं? लांब व्हा, वैनी!"

प्रयागबाई झटकन मागं सरली. सकाळीच, वाढं खायला मुसकं सोडलं होतं तेव्हा, तिच्या नातीनं, सहा वर्षांच्या प्राचीनं, खरचटलेला गुडघा मैनेकडून चाटून घेतला होता. आणि आजी बघून हसली होती, मेली!

"कुऱ्हाड आणू का? असलं जित्राब ठिवू न्हाई."

"आण. हाण तिला," प्रयागबाई म्हणाली. प्राचीला तिनं असं आवळून धरलं की पोर कळवळली.

कुशाबा गेला आणि नशीब बघा, रस्त्यानं चाललेले जनावरांचे डॉक्टर आरडाओरडा ऐकून फटफटीवरून उतरले. त्यांनी चाव्याची खूण शोधली. कुठंच नव्हती.

"खायला काय घालता?"

"वाढं. दुसरं हाय काय, सायेब?"

"माती खायची? भिंत चाटायची?"

"लई! म्हून तर मुसकं बांधलं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, नुसत्या वाढ्यावर ठेवून अंगातलं कॅल्शियम संपलं तिचं. भिंत चाटून ती तेच मागत होती, आणि तुम्ही तोंड बांधलंत! पिसाळली-बिसाळली नाही."

त्यांनी शिरेत सुई घातली. कॅल्शियमची बाटली हळूहळू उतरली. कुशाबा कुऱ्हाड घेऊन दारातच थांबला होता. थडथड कमी झाली, आणि तासाभरात मैना डळमळत उठली.

प्रयागबाई मैनेच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "माझे बाय, भ्यालते गं म्या," ती म्हणत राहिली.

प्राची मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आज्जे, मला फेस आला असता, तर मलाबी 'हाण' म्हणली असतीस?"

प्रयागबाईनं दोन्ही हात पुढं केले. पोर आली नाही.