काकडाविना शेवळं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कुंदा महिनाभर मुलुंडला लेकीकडे राहिली. बोरिवलीला परतली तेव्हा नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, आणि पहिली दिसली ती सुनेच्या हनुवटीखालची टाक्यांची खूण.

"ही कधीची गं?"

"तुम्ही गेलात ना, त्याच आठवड्यातली. बिरडं पचपचीत झालं होतं." अनुपमा सांगता सांगता चक्क हसली. "पण त्यानंतर एकदाही नाही, आई. शप्पथ."

अनुपमा सोलापूरची. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी यांत हात बसलेला. जयवंतला मात्र ताटात आईच्या हातचं, तिच्या केळव्याच्या माहेरचं लागे, आणि तसं नसलं की त्याचा हात उठे. तो हात कुंदाच्या ओळखीचा होता. तिच्या नवऱ्याचा, विद्याधरचा, अगदी तसाच उठायचा. एकदा आमटी खारट झाली म्हणून त्याने तिचं मनगट उंबऱ्यावर आपटून मोडलं होतं. सासू हळद लावताना म्हणाली होती, "पुरुषाचा राग म्हणजे पावसाची सर. येते नि जाते." तेच वाक्य कुंदाने अनुपमाला पहिल्या थपडेनंतर ऐकवलं होतं, हळदीसकट.

"मग आता काय जादू झाली?"

अनुपमाने मोबाइल पुढे केला. "स्वयंपाकाचे व्हिडिओ असतात ना, त्यातल्या बायका अर्धा वेळ सासर-माहेरच्या गप्पा मारतात. मी नुसती लिंक द्यायची आणि ह्या चॅटबॉटला म्हणायचं, कृती काढून दे. साहित्य, प्रमाण, सगळं लिहून देतो. परवा बोंबलाचं भुजणं केलं, ह्यांनी दोनदा मागून घेतलं. तुमच्यासारखं 'घाल अंदाजाने' नाही म्हणत तो."

"मोजायला मी काय रेशनवाली?" कुंदा म्हणाली. पण तिला बरं वाटलं. घर एवढं शांत तिने कधी पाहिलं नव्हतं. विद्याधर असताना नाही, तो गेल्यावरही नाही.

रविवारी जयवंतने शेवळं मागितली. जूनच्या तोंडावर डोंगरउतारावर भाल्याच्या टोकांसारखी जमिनीतून वर येणारी ही भाजी वर्षातून थोडेच दिवस मिळते. कुंदा डोळ्यांत औषध घालून पडली होती तोवर अनुपमाने ती ॲपवरून मागवली, फोनला कृती विचारली आणि कोलंबी घालून शिजवलीसुद्धा. वास आला तशी कुंदा उठून स्वयंपाकघरात आली. रंग सुरेख होता. तिने बोटभर रस जिभेला लावला मात्र, जिभेत सुयाच घुसल्या.

"काकड कुठाय?"

"ते काय असतं?"

आवळ्याएवढं हिरवं आंबट फळ. ते ठेचून त्याचा गर घातला नाही तर शेवळं घसा कापत जातात. पूर्वी स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बसणाऱ्या वारली बाया शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं न मागता द्यायच्या. हसायच्या आणि म्हणायच्या, घरी भांडण नको. ॲपच्या पिशवीत कोण देणार?

अनुपमाने घाबरून व्हिडिओ लावला. पडद्यावरची बाई नणंदेच्या लग्नातली गंमत सांगत होती आणि सांगता सांगता डाव्या हाताने वाटीभर हिरवा गर कढईत ओतत होती. त्याबद्दल अवाक्षर नाही. शेवळं म्हटलं की काकड आलंच, त्यात सांगायचं काय? चॅटबॉटने तिचं बोलणं तेवढं उतरवलं होतं. हात काय करतोय ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"आई, आता मला मारतील."

"चिंच भिजव पटकन. मी थांबवते त्याला."

पण जयवंत टेबलाशी येऊन बसलाही होता. "ए, वाढतेस का मुहूर्त बघतेस?"

"जयू, थांब जरा. भाजी मुरतेय."

"मुरायला ते काय लोणचं आहे?" तो उठून आत आला. अनुपमाच्या हातात चिंच पाहिली. "सकाळपासून काय करत होतीस? फोनशी गुलूगुलू?"

ओट्यावरचा तांब्या त्याने उचलला आणि तिच्या कपाळावर हाणला. भुवई फुटली. रक्त चिंचेच्या पाण्यात ठिबकायला लागलं. ती खाली वाकली तसे त्याने तिचे केस धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. अनुपमा ओरडली नाही. नुसता हुंकार निघाला, ओझं उचलताना निघतो तसा.

"जयवंत!" कुंदाचा आवाज चढला. "सोड तिला. जा, बस. मी वाढते."

तो बसला. आईचं तो ऐकायचा.

कुंदाने रक्ताळलेलं चिंचेचं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. कढईकडे पाहिलं. मग भाताचा डोंगर वाढला, त्यावर शेवळांचं कालवण डावाने भरभरून ओतलं आणि ताट मुलासमोर ठेवलं.

"मोठे घास घे," ती म्हणाली.

लहानपणापासून तो शेवळं अधाशासारखा खायचा. आजही तसाच तुटून पडला. दोनतीन घास पोटात गेले आणि त्याचा हात थांबला. डोळे लाल झाले. ओठ टरारले. तो पाणी प्यायला, तशी आग आणखी पसरली. शिवी द्यायला तोंड उघडलं तर घशातून नुसती घरघर आली. ताट भिंतीवर आदळलं. खुर्ची उलथून तो आत धावला आणि त्याने दोन्ही हातांनी अनुपमाचा गळा धरला.

पाटा सिलिंडरशेजारी होता. कुंदाने त्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि मुलाच्या कोपरावर घातला. कडकन आवाज झाला. अनुपमा सुटली, भिंतीशी घसरली. जयवंतने वळून आईकडे पाहिलं आणि चांगला हात उगारला. कुंदाने दुसरा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला.

"आई, मरतील ते!"

"शेवळांनी कुणी मरत नाही. घसा जळतो रात्रीपर्यंत." कुंदाने वरवंटा हातातच ठेवला. "पोलिसांना लाव फोन."

"काय सांगू?"

"तुला काय काय केलं ते सगळं. हात मी मोडला तेही सांग. आणि खाली कुणी विचारलं तर पडले म्हणू नकोस. मी आयुष्यभर पडतच होते."

जयवंत लादीवर तळमळत होता. फुगल्या जिभेने 'आई' म्हणू पाहत होता, शब्द फुटत नव्हता. कुंदा त्याच्यापाशी बसली. तिने तुपाचा चमचा त्याच्या तोंडात घातला. त्याने तो दातांनी करकचून चावला. तिने चमचा सोडला नाही आणि दुसऱ्या हाताखालचा वरवंटाही सोडला नाही. पलीकडे अनुपमा भुवईवर ओढणी दाबून पत्ता सांगत होती, इमारत, मजला, खोली, आणि मग नवऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट.