जॉयन्सचं कार्ड

प्रकाशकाचं पत्र आलं तेव्हापासून ताईच्या डोक्यात एकच कार्ड घोळत होतं. जुन्या इंग्रजी शब्दांचा अप्पांचा कोश पुन्हा निघणार होता, पण दोनशे शब्द कमी करा म्हणे. अप्पांना आता दिसत नव्हतं. ताई एकेक कार्ड वाचायची, आणि अप्पा 'ठेव' नाहीतर 'काढ' म्हणायचे. ही कार्डं लिहिलेलीही ताईनेच, अप्पा सांगतील तशी, तब्बल बावीस वर्षं. त्यातच लग्नबिग्न राहून गेलं.

धाकटी बहीण मात्र एकोणिसाव्या वर्षी घराबाहेर पडली ती पडलीच. वर्षातून दोनदा उगवायची, "अप्पाऽऽ" करून गळ्यात पडायची, आणि एरवी चहा कोमट झाला म्हणून कुरकुरणारा हा माणूस असा खुलायचा की बघत राहावं! ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटात दुखायचं, सरळ सांगायचं तर.

मंगळवारी सकाळी ते कार्ड हाताशी आलंच.

"जॉयन्स," ताईने वाचलं. "अर्थ एक, आनंद, हर्ष. अर्थ दोन, मौजमजा. जुना शब्द, आता फक्त कवितांत सापडतो. काढू या ना? कोण वापरतंय हा?"

"उदाहरण वाच की."

उदाहरण तिच्याच वळणदार अक्षरात होतं: 'धाकटी दारात दिसली की मला होतो, तो.' सांगणाऱ्याने सहज सांगितलं होतं. लिहिणारीला त्या दिवशी घास गिळवला नव्हता.

ताईने घसा साफ केला. "ताई दारात दिसली की मला होतो, तो," तिने वाचलं.

अप्पांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. ताईचे कान तापले.

"असं मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतंच! मग सांगायचं होतं!" ताईचा बांध फुटला. "बावीस वर्षं तुमच्या खुर्चीला चिकटून बसलेय मी. एवढ्या हजारो कार्डांत माझ्यावर एक नाही, अप्पा. एक! आणि ती दोन दिवस येते, मिरवून जाते, ती कोशात!"

अप्पांनी चाचपडत तिचा हात धरला. "खोटं सांगू का तुला?"

"सांगा."

"नाही गं जमणार. ती आली की आनंद होतो, हे खरंच आहे. पण तू घरात असलीस की मला भीती वाटत नाही. पडायची नाही, मरायची नाही, कसलीच नाही. तू कोपऱ्यावरच्या दुकानात गेलीस तरी मी दाराकडे कान लावून बसतो. याला कुठला शब्द असेल तर शोध, आणि घाल तुझं नाव."

दुसरी एखादी विरघळली असती. ताईलाही रडू आलं, नाही असं नाही. म्हातारा जे बोलला ते ऐकायला धाकटीने काय वाटेल ते दिलं असतं, हेही तिला कळत होतं. पण तिला ते नको होतं. तिला आनंदच हवा होता. तोच, धाकटीचा.

"मग हे कार्ड ठेवू की काढू?" तिने विचारलं. आवाज तिला वाटलं होतं त्याहून कडक निघाला.

बावीस वर्षांत अप्पांनी एका शब्दावरही माघार घेतली नव्हती. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी प्रकाशकाशी महिनाभर अबोला धरला होता.

"तू म्हणशील तसं," अप्पा म्हणाले.

ताईने कार्ड 'काढ'च्या गठ्ठ्यावर टाकलं. "काढलं."

अप्पांनी घाईघाईने मान हलवली. तिच्या हातावरची त्यांची बोटं गार पडली होती आणि सोडायला तयार नव्हती. ताईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते घाबरले होते. तिलाच घाबरले होते.

"तुला सवड असेल तर," ते हळूच म्हणाले, "पुढचं वाचतेस का, ताई?"