वांगी रंग

"याले कुऱ्हाड म्हणू का पापड, भागवतदादा?" अब्दुल गनीने कुऱ्हाड ऐरणीवर आपटली आणि खिशातून तिचाच उडालेला टवका काढून शेजारी ठेवला. "बाभूळ हाय तशीच उभी, अन् ही तुटली. दुसऱ्यांदा!"

अमडापूरच्या बाजाराच्या टोकाला भागवत लोहाराची भट्टी. त्याने पाणी पाजलेली धार मोडली, असं आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. या महिन्यात मात्र टवके उडायचा नुसता सपाटा लागला होता.

भागवतने टवक्याची मोडकी कड उजेडात धरली. पोलाद जास्त तापलं की आतला दाणा फुगतो, ज्वारीच्या कण्यांसारखा जाड दिसतो, आणि मग ते मोडणारच. पण हा दाणा तर मैद्यासारखा बारीक!

"दाणा बारीक हाय बे. माही भट्टी नाई चुकली."

"मंग काय माही बाभूळ चुकली?"

भात्याचं चाक फिरवता फिरवता पंचफुला फिसकन हसली. "डोळ्याचं आपरेशन झालं तवापासून यायचं सारं उफराटंच हाय. आंधी दिसे नाई तं कुऱ्हाडी टिकत. आता दिसते तं तुटतात!"

बायकोने थट्टा केली खरी, पण ती भागवतच्या डोक्यात रुतून बसली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला होता. डाव्यातल्यासाठी उद्या सकाळी नेत्रशिबिराची गाडी बुलढाण्याला नेणार होती. आता टाळलं तर डावा कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्याने कुऱ्हाड पुन्हा तापवली, ठोकली, धार पाण्यात बुडवली. चर्रर्र! अशी धार काचेसारखी कडक, काचेसारखीच तडकणारी. म्हणून मागच्या जाड भागातली ऊब हळूहळू धारेकडे येऊ द्यायची, म्हणजे कडकपणा उतरून धार चिवट होत जाते. घासून चकचकीत केलेल्या कडेवर रंग सरकत येतात: आधी हळद, मग गूळ, मग वांगं, शेवटी निळा. वांगं आलं की झटकन पुन्हा पाण्यात.

"आलं वांगं," म्हणत तो पाण्याच्या कुंडीकडे वळला, तेवढ्यात उजव्या डोळ्यात धूर गेला. डोळा मिटला, आणि वांगं गायब! धारेवर अजून गूळच. उजवा उघडून डावा मिटला, तर वांगं हजर. एकाच धारेवर दोन रंग, आता बोला!

"काहो, मले डोळे काऊन मारून राह्यले? लगन झालं न आपलं!"

"पंचफुला, वांगं हाय का गूळ?"

"वांगंच तं हाय."

"डाव्यानं गूळ दिसते."

"मंग डावा खोटं बोलते," गनी म्हणाला.

"बोलत असंन बे. पन त्याच्याच खोट्यावर साऱ्या गावाच्या कुऱ्हाडी टिकल्या न!"

उजवा घट्ट मिटून तो थांबून राहिला. पंचफुला ओरडली, "अवो, मोराच्या मानीवानी निळी झाली!" तरी तो थांबलाच. डाव्यात वांगं उमटलं तेव्हाच धार पाण्यात गेली.

गनीने दारातल्या बाभळीच्या ओंडक्यावर दणादण घाव घातले. धार जशीच्या तशी! तो खुशीत निघून गेला, पण भागवतचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"उद्या या डोळ्याचंबी आपरेशन झालं तं मले वांगं कोन दाखवन?"

"मंग नका जाऊ."

त्याने नुसत्या डाव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याच्या जागी हळदीचं दूध सांडल्यासारखं पिवळट काहीतरी हललं.

तो भट्टीशी वळला. मोटारीच्या कमानपट्टीचा एक तुकडा घेतला, डाव्यात वांगं उमटताच त्याला पाणी पाजलं आणि खुणेसाठी भट्टीवरच्या खिळ्याला टांगला.

बुलढाण्याहून आल्यावर डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा तो आधी भट्टीवर आला. दोन्ही डोळे उघडून त्याने तो तुकडा पाहिला. निळाशार! त्याने उजवा मिटला, डावा मिटला, मान तिरकी केली. सगळीकडून निळाच.

"पंचफुला, मी टांगलं ते हेच न? कोनं बदलवलं तं नाई? हेच वांगं हाय न?"

तिने त्या निळ्या तुकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हाव," ती म्हणाली. "हेच तुमचं वांगं."

आणि तिने भात्याचं चाक हाती घेतलं.