भट्टीवरची खिचडी

डब्याचं शिक्षण मला कुणी देऊ नये. मोबाईलवर त्या बायका दाखवतात ना, ‘नोकरदारांसाठी दहा मिनिटांत डबा’, त्यांच्या ओट्यावर सगळं आधीच चिरून वाट्यांत भरून ठेवलेलं असतं. चिरलं कुणी, बाई? भांडी कोण घासणार? मी कासारवाडीहून साडेसहाला निघते, नाशिक फाट्याला कंपनीची बस धरते आणि मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये तासभर लोंबकळत चाकणला पोचते. आमच्या बसमधल्या बायकांचे डबे ऐका: दडपे पोहे, रात्रीच्या भाताला फोडणी, चपातीला लसणाची चटणी लावून गुंडाळी, दहीभात. झटपट होतं, चांगलं लागतं, पण साडेबारापर्यंत गारढोण.

माझी युक्ती निराळी. आमच्याकडे लोखंडी पार्टवर रंगाची पावडर मारतात आणि तो पार्ट भट्टीत भाजतात. भट्टी म्हणजे खोलीएवढी पत्र्याची पेटी. ती जुनी झालीये, धुराड्यापाशी तिचं छत इतकं तापतं की हात लावायची सोय नाही. सकाळी तिथे डबा ठेवायचा. मूठभर तांदूळ, मूठभर मूगडाळ, हळद, मीठ, तेलाची धार, वर दोन पेरं पाणी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खिचडी तयार. नियम एकच, झाकण सैल पाहिजे. तानुबाईने एकदा घट्ट लावलं होतं. झाकण उडालं आणि उकळती खिचडी तिच्याच मानेवर आली. नोकरी जाईल म्हणून बिचारीने घरी कुकर उडाला असं सांगितलं आणि पंधरा दिवस उताणी झोपू शकली नाही. तरी कुजबुज वर पोचलीच. नोटीस लागली की भट्टीवर अन्न ठेवणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढणार. आम्ही नोटीस वाचली आणि डबे धुराड्याच्या मागच्या बाजूला सरकवले.

त्या मंगळवारी ऑडिट होतं. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो तिथून एक मॅडम तपासायला येणार होत्या. बाकीच्या बायका शहाण्या, त्यांनी कोरडे डबे आणले. मला उठायला उशीर झाला. तांदूळ-डाळ-पाणी डब्यात ओतलं आणि बसमध्ये सांडायला नको म्हणून झाकणाच्या चारही क्लिपा खाटखाट बंद केल्या. नवा डबा होता, रबरवाला, थेंब बाहेर येत नाही. कामावर गेले की उघडेन म्हटलं.

गेले तर सुपरवायझर गणराज सर सगळ्यांना हाकत होता. झाडा, पुसा, हेल्मेट घाला. माझी भाची दीक्षा माझ्यासोबतच होती. ताईची एकुलती एक. दाजी गेल्यापासून ताईने तिला जिवापाड सांभाळलं. ‘मिनल, तुझ्या हवाली करतेय’ म्हणाली आणि मी शब्द टाकून पोरीला इथे लावली. दुसराच आठवडा होता तिचा. गणराज सर येताना दिसला तसा मी डबा तिच्या हातात कोंबला. ‘तू उंच आहेस, पटकन मागे सरकव,’ म्हटलं. तिने शिडीवर चढून सरकवला आणि भट्टीच्या तोंडाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथे ती तापलेले पार्ट हुकवरून उतरवते. धुराड्याच्या मागे भट्टीचं हेच तोंड, म्हणजे डबा बरोबर तिच्या डोक्यावर.

साफसफाईमुळे भट्टी उशिरा पेटली, साडेदहाला. मग आम्हा सहा जणींना ऑफिसातल्या खोलीत बसवलं. मॅडम एकेकीला प्रश्न विचारणार होत्या. मोबाईल आमचे रोजच गेटवर जमा असतात. मॅडम फाईल चाळत होत्या, मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. अकरा वीस. पोटात कावळे ओरडायला लागले होते. आज खिचडी उशिरा शिजणार, असा विचार मनात आला आणि त्याच्याच मागून दुसरा आला. क्लिपा.

उघडल्या का मी? नाही. दीक्षाने उघडल्या असतील? तिला मी सांगितलंच नव्हतं. मनातल्या मनात हिशोब मांडला. भट्टी पेटल्यापासून दीड तासाने पाण्याला उकळी येते. म्हणजे बारा वाजता. अजून चाळीस मिनिटं आहेत, घाबरू नकोस मिनल.

मी उठून दारापाशी गेले. तिथे गणराज सर उभा होता. ‘सर, जरा बाहेर जाऊन येते.’

‘मॅडमचं होऊ दे, ताई. मग जा.’

‘अर्जंट आहे.’

‘सगळ्यांनाच अर्जंट आहे. बसा.’

बसले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. भट्टीवर माझा डबा आहे, झाकण घट्ट आहे, खाली पोरगी आहे. जिभेवर आलं होतं. पण समोर ऑडिटच्या मॅडम. मी बोलले की मी तर जाणारच. डबा ठेवला कुणी, तर दीक्षाने, म्हणजे तीही जाणार. ताईला काय तोंड दाखवू? असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्यातलं अर्धं खोटं होतं. मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला या पट्ट्यात दुसरीकडे उभं करत नाहीत. दीक्षाचं नाव मी पांघरुणासारखं वर ओढून घेतलं होतं.

अकरा पस्तीसला माझा नंबर आला. मॅडम हसतमुख होत्या. नाव विचारलं, किती वर्षं काम करता विचारलं. मग म्हणाल्या, ‘तुमच्या कामाच्या जागी तुम्हाला कुठला धोका वाटतो का? मोकळेपणाने सांगा.’

एवढं आयतं दार कुणी कुणाला उघडून देत नाही. दारात गणराज सर माझ्याकडेच बघत होता.

‘काही नाही मॅडम,’ मी म्हटलं. ‘सगळं सेफ आहे.’

त्यांनी लिहून घेतलं आणि शेजारच्या स्वप्नालीकडे वळल्या. सहाही जणींचं झाल्याशिवाय कुणाला सोडणार नव्हते.

त्यानंतरची वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. तानुबाईची मान डोळ्यापुढून हलेना. तिची नुसती मानच होती. दीक्षा तर मान वर करून हुक काढते. तिचा चेहरा, डोळे. जीव नुसता टांगणीला लागला होता. घड्याळाचा काटा सरकला की मी म्हणायची, अजून दहा मिनिटं आहेत. अजून आठ. उद्यापासून डबाच नको, उपाशी राहीन, फक्त आज निभावू दे. आम्ही नवस बोलणारी माणसं नव्हे, बाबासाहेबांनी ते सोडायला लावलं, पण त्या खुर्चीत मी कुणाकुणाला हात जोडले ते विचारू नका. आणि पाय मात्र जागचे हलले नाहीत.

बाराला पाच कमी असताना बाहेर धाडकन आवाज झाला.

मी किंचाळले. खुर्ची मागे पडली. ‘दीक्षा, माझी दीक्षा,’ एवढंच तोंडातून निघत होतं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, लाकडी पॅलेट पडलंय, काही नाही. पण आता माझं तोंड उघडलं होतं. ‘सर, भट्टीवर डबा आहे. माझा. झाकण गच्च लावलंय. ती खाली उभी आहे.’

गणराज सर माणूस तोंडाचा फाटका, पण त्या दिवशी वाऱ्यासारखा धावला. मी मागून. दीक्षा नेहमीसारखी भट्टीच्या तोंडाशी, मान वर करून हुक सोडवत होती. त्याने तिचा दंड धरून तिला इतकं जोरात ओढलं की दोघंही पलीकडे आपटली. कुणीतरी बटण दाबून लाईन बंद केली. सगळे लांब उभे राहिलो. एक मिनिट झालं, दोन झाली. गणराज सर म्हणाला, ‘शिडी आणा, मी बघतो.’ शिडी येईपर्यंत ते झालं. झाकण वरच्या पत्र्यावर आदळलं आणि पिवळी, वाफाळती खिचडी बदाबदा खाली आली. जिथे पोरगी उभी होती तिथेच. तिची पाण्याची बाटली तिथे ठेवलेली होती, ती खिचडीखाली वाकडी झाली.

दीक्षा मला येऊन बिलगली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मॅडम पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, ‘नियम मोडलात ते चुकलंच, पण नोकरीची पर्वा न करता वेळेवर बोललात. हेही मी रिपोर्टमध्ये लिहीन.’ मी बाहेर सोडा म्हणून कधी मागे लागले होते ते गणराज सरला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे बघतच माझा गेटपास मागून घेतला. दीक्षाला ठेवलं. तिने नुसतं मावशीचं ऐकलं, असं मॅडमच बोलल्या.

त्या दिवसापुरतं तिलाही घरी सोडलं. दुपारची बस रिकामी होती. दीक्षा माझ्या दंडाला धरून बसली होती, लहानपणी जत्रेत धरायची तशी. गेटवर फोन परत मिळाला होता, बस सुटताच तिने ताईला लावला. ‘आई, मी वाचले गं. मावशीने वाचवलं. मावशीने नोकरी घालवली माझ्यासाठी.’ पलीकडे ताई रडत होती. तिचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. ती म्हणत होती, मिनलचे पाय धुऊन पाणी पिईन.

मला वाटलं होतं, पोरगी वाचली की भीती जाईल. ती गेली नव्हती. उलट आता ती माझ्या शेजारी येऊन बसली होती, माझा दंड धरून.

‘मावशी,’ दीक्षाने फोन कानाला तसाच ठेवून विचारलं, ‘तुला आठवलं तरी कधी गं? आवाज झाला तेव्हा ना?’

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पण उद्या ती पुन्हा त्याच भट्टीशी उभी राहणार होती आणि गणराज सरही तिथे असणार होता. कधी ना कधी त्याच्या तोंडून निघालंच असतं. आणि खरं सांगू, एकदा तोंड मिटून काय होतं ते मी नुकतंच पाहिलं होतं.

‘अकरा वीसला,’ मी म्हटलं.

ती हसली आधी. तिला वाटलं मी चुकून बोलले. मग तिने मनात मोजलं असावं. माझ्या दंडावरचा तिचा हात सैल झाला आणि मांडीवर जाऊन पडला. ती खिडकीकडे वळली. बाहेर मोशीचा टोलनाका मागे गेला. फोनमध्ये ताई विचारत होती, ‘हॅलो? दीक्षा? अगं, काय झालं?’

दीक्षाने फोन माझ्यापुढे धरला. ‘तू सांग तिला,’ म्हणाली. ‘मला नाही सांगता येणार.’

मी फोन घेतला. ‘ताई,’ म्हटलं, ‘रडू नकोस. आधी माझं नीट ऐकून घे.’