भाऊजींची रेघ

अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांच्या फोटोंतून उपग्रहांच्या रेघा पुसणं, हे माझं काम. निम्म्याहून जास्त रेघा माझ्या भाऊजींच्या कंपनीच्या. तरी ताईकडे जेवायला बसलं की ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "आमची मेहुणी आकाशाची फरशी पुसते." ताईसुद्धा हसायची. सात वर्षं मी मूग गिळून बसले.

गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. आवाजात साखर. "कंपनीच्या हॉलमध्ये भिंतभर लावायला एक छान दीर्घिका दे ना. आमच्या उपग्रहांनी कुणाचे फोटो बिघडत नाहीत, हे पाहुण्यांना दाखवायचंय."

"देते की."

एकाच दीर्घिकेचे सहा फोटो एकत्र जुळवले की रेघ निघून जाते. मी जुळवलेच नाहीत, रेघ असलेला एकच पाठवला. फोनवर रेघ केसाएवढी दिसली असेल. त्यांनी तसाच छापायला टाकला.

काल हॉलमध्ये पाहुण्यांसमोर पडदा सरकला; मलाही बोलावलं होतं. दीर्घिकेच्या पोटातून आरपार पांढरी रेघ, आणि खाली, रेघ कुणाची ते लिहायच्या आमच्या नियमाप्रमाणे, त्यांच्याच कंपनीच्या उपग्रहाचा क्रमांक. मोठे साहेब भाऊजींकडे बघतच राहिले.

भाऊजी माझ्या कानाशी आले. "आता काय करायचं?"

मी पर्समधून फरशीचं फडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"पुसा."