दोन झाले, मामा

माझ्या सासऱ्यांनी सत्तुराने माझी दोन बोटं तोडली. पण तसं काही झालेलंच नाही असं घरात ठरलंय, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आमचं मटणाचं दुकान. ओंडक्यावर बोकडाची मांडी मी धरतो, घाव मामा, म्हणजे सासरे घालतात. ते मोजतात. दोनला मी हात काढतो, तीनला हाड दुभंगतं आणि रक्त माझ्या चष्म्यावर उडतं. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

मग मामांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. रक्त सुधारलं, पण महिनाभरात ते गिऱ्हाइकालाच विचारू लागले, "मी काय न्यायला आलो होतो?"

"मामा, डॉक्टरांना विचारा."

"विचारलं. म्हणाले, एखाद्याला विसरायला होतं. झालं तर लगेच या."

"मग?"

"जायचं विसरलो."

शनिवारी दुकानात गर्दी. "एक," मामा म्हणाले. "दोन." मी हात काढला. सत्तूर हवेतच थांबला.

"कितीवर होतो?"

"दोन झाले, मामा."

"मग धरा की, जावईबापू. मांडी घसरतेय."

सासऱ्यांचा शब्द मोडायची आमच्यात सोय नाही. मी धरली.

"तीन."

धारेला नावं ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बोटं एका घावात, मांडीसकट. रक्त भिंतीवरच्या भावफलकापर्यंत गेलं. रांगेतल्या आजी म्हणाल्या, "मला त्या बाजूचं देऊ नका."

डॉक्टरांनी गोळी बदलली. डोकं ताळ्यावर यायला वेळ लागेल म्हणाले. तोवर मामा रोज सकाळी पट्टी बघून विचारायचे, "हे कोणी केलं?" तीन दिवस मी खरं सांगितलं. तिन्ही दिवस त्यांनी कपाळ ओंडक्यावर इतकं आपटलं की टाके माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पडले.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "दारात सापडून तुटली म्हणा. एवढं खोटं बोलायला बोटं लागत नाहीत."

तसं सांगितलं. मामांनी सत्तूर घेतला आणि दाराची खांडोळी केली. "माझ्या जावयाला हात लावतं काय," म्हणाले. सध्या तिसरं दार चालू आहे.

तरी संबंधितांस नम्र विनंती की, आमच्या मामांना सदर घटनेचा पश्चात्ताप एकदाच, परंतु कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावा, व तोपर्यंत चालू दारास मुदतवाढ मिळावी.